दोन खुणांमधली जागा

पाठचिकित्सा शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगत आलो आहोत. संपादकाने काय बदलले हे पाहण्याआधी, कोठे हात लावायचा नाही हे त्याने कसे ठरविले ते पाहावे. वर्गात हे वाक्य सोपे वाटते. काही वर्षांपूर्वी ते आमच्यावरच उलटले. त्या निमित्ताने संपादनाच्या सीमेचा जो थोडा इतिहास आम्ही धुंडाळला तो येथे मांडावयाचा आहे. परंतु प्रसंग आधी सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

आमच्या एका दिवंगत ज्येष्ठ सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतील गावांतून जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या होत्या. सरांचा कान तीक्ष्ण होता. एखादी बाई एका ओवीत ‘पानी’ म्हणाली आणि दुसरीत ‘पाणी’ म्हणाली, तर वहीत तसेच दोन प्रकारे लिहिलेले असे. २००४ साली विद्यार्थ्यांनी या वह्या टंकून काढल्या. पुढच्याच वर्षी, २६ जुलै २००५ च्या पुरात, डोंबिवलीतल्या तळमजल्यावरील घरात ठेवलेल्या वह्यांपैकी एक वही पूर्ण भिजली. शाई उतरली, पाने एकमेकांना चिकटली. त्या वहीपुरती टंकलेली फाइल हीच मूळ प्रत झाली.

संग्रह छापावयाचे ठरले तेव्हा जुन्या फाँटमधला मजकूर आम्ही युनिकोडमध्ये आणला आणि शुद्धलेखन तपासू लागलो. प्रस्तावनेत काही चुका वारंवार आढळत होत्या. कल्याणच्या एका माजी विद्यार्थ्याने आम्हांस संगणकाच्या शेलमध्ये आज्ञा देऊन एका फटक्यात शब्द बदलण्याची युक्ती शिकविली होती. आज्ञेच्या आरंभी ओळींचे आकडे असत : पहिल्या ओळीपासून दोनशेबाराव्या ओळीपर्यंत, म्हणजे केवळ प्रस्तावना. त्यानंतर चुकीचा शब्द, मग बरोबर शब्द, शेवटी फाइलचे नाव. ‘स्त्रीया’चे ‘स्त्रिया’ झाले. मग लक्षात आले, की ओव्या टंकून हात सवकलेल्या मुलांनी प्रस्तावनेतही ‘पानी’ असेच टंकले आहे. आम्ही वरच्या बाणाची कळ दाबून मागची आज्ञा परत बोलाविली आणि तिच्यातले शब्द पुसून नवे घालू लागलो. जोडाक्षरे पडद्यावर विस्कटून दिसत होती. पुसण्याची कळ चार-दोनदा अधिक दाबली गेली. बदलाची खूण पुसली गेलेली दिसली, ती आम्ही पुन्हा टंकली. तिच्या आधीचे आकडेही गेले होते, ते टंकावयाचे राहिले. एंटर दाबले. यंत्राने काहीही विचारले नाही.

संग्रहातले प्रत्येक ‘पानी’ त्या क्षणी ‘पाणी’ झाले.

पहिला विचार आला तो उलटा बदल करण्याचा. परंतु सगळे ‘पाणी’ पुन्हा ‘पानी’ केले तर जी बाई मुळातच ‘पाणी’ म्हणाली होती तिच्या तोंडी चुकीचा उच्चार जाणार. शब्द गेला नव्हता. दोन उच्चारांमधला भेद गेला होता आणि भेद उलट आज्ञेने परत येत नाही. जुन्या फाँटमधली फाइल ज्या सीडीवर होती ती उघडेना. बाकीच्या वह्यांवरून आम्ही पाच रविवार बसून मजकूर पुन्हा ताडून घेतला. भिजलेल्या वहीचे काय करावे हा प्रश्न मात्र उरला. त्याकडे शेवटी येऊ.

मराठीला हा प्रश्न नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्ञानेश्वरीला तोवर जवळजवळ तीन शतके होऊन गेली होती. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पुढे पाठभेदांनी तो बिघडला, ही त्यांची भूमिका. प्रतीच्या अखेरीस त्यांनी इशारा देऊन ठेवला आहे, की या ग्रंथात जो पदरची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल. नाथ स्वतः समर्थ कवी होते. त्यांना ओव्या सुचत नव्हत्या असे कोणी म्हणणार नाही. तरीही या कामापुरते त्यांनी आपल्या प्रतिभेला कुंपण घातले आणि तेच कुंपण पुढच्यांसाठी लिहून ठेवले.

ठाण्याच्या वाचकाला यापुढचे उदाहरण घरचेच आहे. विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे करण्यात पुढाकार घेतला आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. भावे १९२६ साली वारले. त्यानंतर महानुभाव वाङ्मयाविषयी, शिलालेखांविषयी, जुन्या कवींच्या काळाविषयी संशोधन फार पुढे गेले. भाव्यांची अनेक विधाने जुनी ठरली. पुढे शं. गो. तुळपुळे यांच्याकडे या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचे काम आले, तेव्हा त्यांनी नवी माहिती भाव्यांच्या मजकुरात मिसळून न देता स्वतंत्र पुरवणी जोडली. त्यामुळे आजच्या वाचकाला भाव्यांनी काय म्हटले आणि तुळपुळ्यांनी कोठे भर घातली हे वेगवेगळे दिसते. मजकुरात शिरून दुरुस्त्या केल्या असत्या तर ग्रंथ कदाचित अधिक अद्ययावत दिसला असता, पण भावे त्यातून हरवले असते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि ती १९६६ साली पूर्ण झाली. वि. सी. सुखठणकरांनी जी पद्धत बसविली तिच्यात एक लहानशी गोष्ट आहे. जो पाठ संपादकाला पुरेसा निश्चित वाटत नाही त्याच्याखाली नागमोडी रेषा असते. या टप्प्यात आमची खात्री कमी आहे, असे ती रेषा वाचकाला सांगते. सीमा केवळ संपादकाने आपल्यापुरती पाळावयाची नसते, ती वाचकाला दिसलीही पाहिजे, हे त्या रेषेमागचे तत्त्व आहे.

आणि आपले रोजचे शुद्धलेखन? मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. या १८ नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. ‘नाहीं’चे ‘नाही’ आणि ‘कांहीं’चे ‘काही’ झाले. परंतु त्याच नियमांत एक मर्यादाही घातलेली आहे. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य यांतील उतारे मुळाप्रमाणे छापावेत. त्यानंतरचे लेखन, खुद्द या दोघांचे धरून, नव्या नियमांनुसार छापावे. व्याकरणाच्या नियमांत काळाची खूण ठोकण्याचा हा प्रकार आम्हांस नेहमी विलक्षण वाटत आला आहे. खुणेच्या अलीकडे हात लावता येईल, पलीकडे नाही.

अशी खूण कोठेतरी ठोकावी लागते आणि ती कोणाच्या तरी अंगावर पडते. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ सालची, चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यानंतरच्या दशकातला. नियम अक्षरशः लावला तर एकाच लेखकाचे एक पुस्तक कुंपणाबाहेर आणि दुसरे कुंपणात येते. सीमा आखणे हाच एक संपादकीय निर्णय असतो, निरागस भूमापन नसते, हे येथे स्पष्ट दिसते.

आता यंत्राकडे वळू. आमची चूक यंत्राच्या ज्या कोपऱ्यात झाली त्यालाही सुमारे सहा दशकांचा इतिहास आहे आणि तो साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचण्यासारखा आहे.

शेल म्हणजे वापरणारा आणि संगणकाची प्रणाली यांच्यामधला दुभाष्या. आपण एक ओळ लिहावयाची, त्याने ती समजून घेऊन काम करवून घ्यावयाचे. युनिक्स प्रणाली १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मली, तेव्हा ही ओळ पडद्यावर नव्हे, टेलिटाइपच्या कागदावर उमटत असे. कागदावर उमटलेले अक्षर मागे घेता येत नाही. म्हणून चुकलेले अक्षर रद्द करण्यासाठी एक चिन्ह आणि सबंध ओळ रद्द करण्यासाठी दुसरे चिन्ह ठरलेले होते. शेवटचे अक्षर किंवा आख्खी ओळ, एवढेच दोन पर्याय. ओळीच्या मधला एखादा टप्पा निवडून तेवढाच सुधारण्याची सोय नव्हती.

फाइलमधला मजकूर सुधारण्यासाठी केन टॉम्सन यांनी ‘एड’ नावाचा संपादक लिहिला. त्याला ओळींचे आकडे सांगावयाचे : इथपासून इथपर्यंत. निवडलेल्या टप्प्यापुरते संपादन ही कल्पना अशी अगदी आरंभापासून युनिक्समध्ये होती. आणि आकडे सांगितलेच नाहीत तर? तर ‘एड’मध्ये शब्द बदलण्याची आज्ञा केवळ चालू ओळीवर चालते. विसराळू माणसाच्या हातून फार तर एक ओळ बिघडावी, असा तो बेत होता.

१९७३-७४ च्या सुमारास त्याच प्रयोगशाळेत ली मॅकमेहन यांनी ‘सेड’ लिहिला. हा प्रवाही संपादक. मोठ्या फाइली ओळीओळीने वाहू द्यावयाच्या आणि वाहता वाहता बदलावयाच्या, हे त्याचे काम. त्याची भाषा जवळजवळ ‘एड’चीच आहे, मात्र एक गोष्ट उलटी झाली. आकडे दिले नाहीत तर ‘सेड’ची आज्ञा प्रत्येक ओळीवर चालते. प्रवाहाला चालू ओळ अशी नसतेच, तेव्हा हा बदल तर्काला धरूनच होता. परंतु गप्प राहण्याचा अर्थ त्याने बदलला. ‘एड’मध्ये मौनाचा अर्थ ‘येथेच’ असा होता, ‘सेड’मध्ये तो ‘सर्वत्र’ असा झाला. आमच्या हातून आकडे पुसले गेले ते या दुसऱ्या संपादकाच्या आज्ञेतले. पहिल्याच्या आज्ञेतले पुसले गेले असते तर एखादीच ओळ तपासून आम्ही घरी गेलो असतो.

दुसरा धागा खुद्द आज्ञेच्या ओळीचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बिल जॉय यांच्या सी-शेलने दिलेल्या आज्ञा लक्षात ठेवण्यास सुरुवात केली. मागची आज्ञा परत बोलावता येऊ लागली आणि तिच्यातला एक शब्द बदलून ती पुन्हा चालविण्याची छोटी खूणही आली. ही खूण पहिल्या जागीच बदल करीत असे. पुढे १९८३ साली डेव्हिड कॉर्न यांचे शेल जाहीर झाले, १९८९ साली ब्रायन फॉक्स यांचे ‘बॅश’ आले. आता परत बोलाविलेली ओळ पडद्यावर मोकळी पसरू लागली. कर्सर हवा तेथे न्यावा, हवे ते पुसावे. ही सोय फार मोठी होती. मात्र संबंध ओळ सारखीच पुसट झाली. तिच्यातला कोणता भाग आज बदलावयाचा आहे आणि कोणता काल विचारपूर्वक लिहून ठेवलेला आहे, हे यंत्राला ठाऊक नसते. आमचे आकडे असेच विचारपूर्वक लिहिलेले होते.

यावरचा उपाय आला तो निराळ्याच घराण्यातून. १९७६ साली एम.आय.टी.च्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांच्या हातून ‘ईमॅक्स’ हा संपादक आकाराला आला. १९८५ साली स्टॉलमन यांनी त्याची सर्वांसाठी खुली आवृत्ती प्रसिद्ध केली. ईमॅक्समध्ये दोन जागांना महत्त्व आहे. एक कर्सरची जागा, दुसरी आपण ठोकलेली खूण. या दोहोंमधला मजकूर म्हणजे निवडलेला टप्पा. एक आज्ञा दिली की संपादन त्या टप्प्यापुरते आकुंचित होते. बाहेरचा मजकूर जागच्या जागी सुरक्षित असतो, पण तो दिसत नाही आणि त्याला हातही लागत नाही. शब्द बदला म्हटले तर कुंपणाच्या आतलेच शब्द बदलतात. दुसरी आज्ञा दिली की कुंपण निघते.

गमतीची गोष्ट अशी, की ही आज्ञा ईमॅक्समध्ये मुळात बंद करून ठेवलेली असते. पहिल्यांदा ती देणाऱ्याला ईमॅक्स थांबवून विचारतो, की हेच करावयाचे आहे ना? कारण नवख्याला वाटते, आपला सगळा मजकूर नाहीसा झाला. ज्या आज्ञेने मजकूर खरोखर नष्ट होतो ती निमूटपणे चालते आणि जिने तो राखला जातो तिच्यापाशी पहारेकरी उभा असतो!

१९९० साली प्रिन्स्टन विद्यापीठातले विद्यार्थी पॉल फॉल्स्टॅड यांनी ‘झेड-शेल’ लिहिले. त्याच्यासोबत पुढे जमत गेलेल्या जोडसाहित्यात ईमॅक्सची हीच कल्पना आज्ञेच्या एका ओळीवर आणणारी लहानशी सोय आहे. ओळीत एके ठिकाणी खूण ठोकावी, कर्सर दुसरीकडे न्यावा आणि ती सोय बोलवावी. मग खूण आणि कर्सर यांमधलाच मजकूर सुधारता येतो. अलीकडचा आणि पलीकडचा भाग पडद्यावर दिसत राहतो, परंतु पुसण्याची कळ कितीही वेळा दाबली तरी कुंपण ओलांडत नाही. काम झाल्यावर एंटर दाबले तर आज्ञा लगेच चालत नाही. आधी फक्त कुंपण निघते, पूर्ण ओळ पुन्हा समोर येते आणि दुसऱ्यांदा एंटर दाबले तरच ती चालते. आमच्या हातून झालेल्या चुकीच्या आड येणाऱ्या दोन्ही गोष्टी यात आहेत : आकड्यांना हात लागला नसता आणि आज्ञा चालण्यापूर्वी ती सबंध वाचण्याचा एक श्वास मिळाला असता.

या सोयीचा आणखी एक प्रकार आहे. त्यात बाहेरचा भाग झाकला जातो आणि त्याच्या जागी तीन टिंबे उमटतात. अवतरणात गाळलेल्या मजकुरासाठी आपण जी टिंबे देतो, तीच. लांबलचक ओळीत एकाग्रतेसाठी हे बरे, पण आम्हांस पहिला प्रकारच अधिक संपादकाचा वाटतो. हात लावावयाचा नाही, पण नजरेआड होऊ द्यावयाचे नाही.

ही सोय झेड-शेलमध्येही आपोआप सुरू नसते, मागवून घ्यावी लागते. ‘बॅश’मध्ये खूण आणि टप्पा आहेत, पण कुंपण नाही. २०१९ पासून ॲपलच्या संगणकांवर झेड-शेल मुळातच असते, म्हणजे असंख्य लोकांच्या मेजावर हे कुंपण गुंडाळून ठेवलेले आहे आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. आम्हांसही नव्हता.

मराठी लिहिणाऱ्याला याची गरज इतरांहून थोडी जास्तच आहे. ‘स्त्रि’ हे आपल्या डोळ्याला एक अक्षर. यंत्राच्या लेखी ती सहा चिन्हे : स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. शिवाय ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराआधी आणि साठविली जाते अक्षरानंतर. आज्ञेची ओळ जेथे उमटते तो पडदा समान चौकटींचा, रोमन अक्षरांसाठी आखलेला. तेथे डोळा, हात आणि यंत्र यांची मोजदाद जुळत नाही. एक अक्षर पुसले असे वाटते तेव्हा एखादेच चिन्ह गेलेले असते. शब्द संपला असे वाटते तेव्हा आपण त्याच्या अलीकडचे काही खाऊन बसलेलो असतो. जिथे नजरेवर विसंबता येत नाही तेथे कुंपण हवे.

तरीही यंत्र कुंपण पुरवील, ते कोठे घालावयाचे हे सांगणार नाही. नाथांनी घातलेल्या कुंपणाच्या आत कोणत्या ओव्या राहिल्या आणि कोणत्या बाहेर गेल्या, याचा हिशेब त्यांच्या प्रतीवरून लागत नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली वेगळ्या पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली ती याच अस्वस्थतेतून. लेखननियमांनी फुल्यांच्या पुस्तकांमधून रेषा नेली. आम्ही प्रस्तावना आणि ओव्या यांच्यामध्ये दोनशेबाराव्या ओळीवर खूण ठोकली होती. ती योग्य जागी होती. आमचा दोष एवढाच, की ती कागदावर किंवा फाइलीत कोठेही नव्हती, केवळ एका पुसता येणाऱ्या आज्ञेत होती. प्रस्तावना आणि ओव्या आम्ही दोन फाइलींत ठेवल्या असत्या तर कोणत्याही शेलची गरज पडली नसती.

भिजलेल्या वहीचे काय केले ते सांगून संपवितो. त्या वहीतल्या ओव्यांत जेथे जेथे ‘पाणी’ येते तेथे मूळ उच्चार काय होता हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ज्यांनी त्या म्हटल्या आणि ज्यांनी त्या लिहून घेतल्या, ती माणसे राहिली नाहीत. अंदाजाने ‘पानी’ करणे ही दुसरी चूक झाली असती. म्हणून सुखठणकरांची रेषा आठवून आम्ही त्या प्रत्येक ‘पाणी’खाली तुटक रेषा दिली आणि ती का दिली हे प्रस्तावनेत लिहिले. मुद्रितशोधन करणाऱ्या वयोवृद्ध गृहस्थांनी ती रेषा छपाईतला दोष समजून प्रत्येक ठिकाणी काढून टाकण्याची खूण केली होती. ठाणे स्थानकाबाहेर चहा घेता घेता आम्ही त्यांना कारण सांगितले. त्यांनी लाल पेन घेतले आणि आपल्या खुणा एकेक करून, बाजूचे काही न दुखविता, रद्द केल्या.